बिजलीचा खरारा

मंठ्यात आमच्या गल्लीत खरातांचं घर विचारलं, की लोक म्हणायचे, "ते कुत्रीला खरारा करतेत, तेच ना?" भुजंग खरातांनी जालना लाइनवर उभा जन्म काळी-पिवळी जीप चालवली, पण त्यांची ओळख पडली ती कुत्रीमुळे.

कुत्रीचं नाव बिजली. कारवान जातीची. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड, आणि अंगावरचे केस इतके बारीक की लांबून बघणाऱ्याला नुसती कातडीच वाटावी. रंग भुईमुगाच्या टरफलासारखा. उदगीरकडच्या एका प्रवाशानं पिशवीतून आणलेलं पिल्लू जीपमध्ये भुजंगरावांच्या मांडीवर ठेवलं, आणि ते घरापर्यंत आलं ते आलंच.

आमची आणि खरातांची भिंत एकच. मी घरी शिवणकाम करते, दाराशी मशीन असते, त्यामुळे त्यांचा ओटा मला रोज दिसायचा. जीप काढायच्या आधी भुजंगराव ओट्यावर बसायचे. झिजलेल्या रबरी चपलेचा तळ त्यांनी हातात मावेल एवढा कापून ठेवला होता. त्यानं मानेपासून शेपटीकडं, केसांच्या वळणानं, सावकाश घासत यायचं. मेलेले केस गोळा होऊन खाली पडायचे. मग ओलं फडकं, मग कोरडा हात. कानाच्या घड्या उघडून बघायचे, काखेत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली. गोचीड दिसला की चिमटीत धरून हळूच सरळ ओढायचा आणि रॉकेलच्या वाटीत टाकायचा. बिजली त्या वेळी डोळे मिटून उभी राहायची.

लोक हसायचे. "भुजंगदादा, हिला केसच न्हाईत, घासता काय?"

ते म्हणायचे, "तेच तर. मोठ्या केसाच्या कुत्र्याला वरून गोधडी असती. हिच्या अंगावर झाकन न्हाई. जे व्हईल ते सरळ कातडीला व्हतंय." आणि आंघोळ? आंघोळ कधीतरीच. रोज साबण लावला की अंगातलं तेल जातं म्हणायचे.

त्यांच्या बायकोचा, दैवशालाबाईंचा, या सगळ्याशी संबंध नव्हता. त्या माहेरच्या केदारखेड्याच्या. लहानपणी त्यांना तिथं पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि पोटात सुया घ्याव्या लागल्या होत्या. तेव्हापासून कुत्रं दिसलं की त्या रस्ता बदलायच्या. बिजली घरात आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बिजलीनं ती पाळली. दैवशालाबाई तिची भाकरी ताटलीत चुरून ओट्यावर ठेवायच्या आणि काठीनं ताटली पुढं ढकलायच्या. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी कुत्रीला हात लावला नव्हता.

मागच्या पौषात भुजंगराव स्टँडवर प्रवासी भरत होते. "जालना, जालना" म्हणता म्हणता जीभ वळायची थांबली. हातातली किल्ली पडली, ती उचलायला वाकले आणि तिथंच बसले. वसंता नावाचा त्यांच्याच लाइनीवरचा ड्रायव्हर, वयानं धाकटा, भुजंगरावांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. त्यानं प्रवासी उतरवले आणि त्यांना आडवं घालून जालन्याला नेलं. तिथून संभाजीनगरला. घरी परत आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं, आणि बोलण्यात एकच शब्द उरला होता. बराबर.

चहा घेता का? बराबर. उशी वर करू का? बराबर. कोण आलंय, ओळखलं का? बराबर. सुरुवातीला घरात थोडं हसूही व्हायचं. गाडी चालवताना दर दोन वाक्यांनी ते हाच शब्द बोलायचे, त्यामुळे माणूस तोच आहे असं वाटून धीर यायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, अर्पिताला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना कळतं सगळं, मनात शब्दही असतो, पण तोंडापर्यंत दुसराच पोचतो. अर्पितानं ते आईला सांगितलं. पण त्या वेळी दैवशालाबाईंना गोळ्या कधी द्यायच्या, कूस कशी बदलायची, चमच्यानं कसं भरवायचं, असं इतकं काही सांगितलं जात होतं, की हे एक वाक्य त्यात वाहून गेलं.

अर्पिता जालन्यात असते. नवरा रोलिंग मिलमध्ये, घरात लहान लेकरू. ती आठ दिवस राहून गेली. मग भुजंगरावांची बाज ओट्यावर पत्र्याखाली टाकली, आणि त्या घरात तिघंच उरले.

बिजली रोजच्या वेळेला बाजेशी येऊन उभी राहायची. भुजंगराव डावा हात खाली सोडून चाचपडायचे. रबराचा तुकडा मीच एकदा त्यांच्या हातात दिला. डाव्या हातात जोर होता, पण आडवं पडून तो हात मानेपर्यंतच पोचायचा. रबर सटकून खाली पडायचं. बिजली ते तोंडानं उचलून बाजेवर ठेवायची नाही, तशी काही ती शिकवलेली कुत्री नव्हती. ती नुसती उभी राहायची आणि मग कंटाळून बाजेखाली बसायची.

फाल्गुन संपता संपता तिचे केस झडायला लागले. उन्हाळ्यापूर्वी झडतातच, पण दरवर्षी ते रबराला लागून निघून जायचे. या वर्षी अंगावरच राहिले. टरफलाचा रंग मातीसारखा झाला. घासलं नाही की खाजतं, खाजलं की ती भिंतीला अंग घासायची. ओट्याच्या कोपऱ्याशी भिंत तेलकट काळी झाली. वास यायला लागला.

एक दिवस दैवशालाबाई माझ्या दाराशी आल्या. "ताई, मी धुते तिला. मालक दिवसभर तिच्याकडंच बघत राह्यतेत. मला बघवत न्हाई."

"तुम्ही? हात लावाल?"

"दोरीनं बांधते. लांबून पाणी मारते."

त्यांनी बिजलीला खांबाला आखूड बांधलं. बादलीत कपड्यांची पावडर फेसाळली आणि खराट्याच्या बुडख्यानं तिला घासलं. बिजली शेपूट पोटाशी घालून उभी होती, तिनं एकदाही दात दाखवला नाही. बाजेवरून भुजंगराव डावा हात बाजेच्या दांडीवर आपटत ओरडायला लागले. "बराबर! बराबर! बराबर!"

दैवशालाबाईंचा चेहरा उजळला. "हो, हो. बराबर करून राह्यले मी. पडा तुम्ही."

मग त्या रोज धुवायला लागल्या. भीती वाटायची, तरी धुवायच्या. नवऱ्यासाठी करण्यासारखी हीच एक गोष्ट सापडली होती, जिला तो इतक्या जोरानं उत्तर द्यायचा. खाणं, औषध, कपडे बदलणं यांना तो शब्द पुटपुटायचा. बिजलीच्या आंघोळीला मात्र ओरडायचा. घाम यायचा भुजंगरावांना, डोळ्यांतून पाणी यायचं. "खूश व्हतेत," त्या मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

पंधरा दिवसांत बिजलीच्या अंगावर कोंडा धरला. कातडी कोरडी पडून पाठीवर भेगा आल्या, आणि त्या भेगांत गोचीड शिरले. कानांत तर द्राक्षांसारखे लटकायला लागले. दैवशालाबाईंना ते चिमटीत धरण्याचं धाडस होईना. त्या कल्याणच्या दुकानात गेल्या. कल्याणचं खत-औषधांचं दुकान आमच्याच रस्त्याला आहे. कापसाच्या बियाण्याचे दिवस जवळ आलेले, दुकानात ही गर्दी.

"कल्याणभाऊ, गोचिडाला काय हाय?"

"जनावराच्या ना? हे घ्या वहिनी. बादलीत कालवायचं, टोपनभर. फडक्यानं पुसायचं."

त्यानं जनावर विचारलं, त्यांनी हो म्हटलं. तो म्हशीचं समजला. त्यातही त्यानं सांगितलेलं माप त्यांनी घरी येऊन बदललं. बादलीभर औषध एवढ्याशा कुत्रीला कशाला, म्हणून त्यांनी टोपणभर औषध तांब्याभर पाण्यातच कालवलं. फडकं त्यात बुडवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बिजलीच्या इतक्या जवळ गेल्या होत्या.

"बघा हं," त्या बाजेकडं बघून म्हणाल्या. "बघा, लावू ना?"

भुजंगरावांनी बाटलीकडं पाहिलं. त्यांना ती बाटली ओळखीची असणार. त्यांनी डावं कोपर टेकून अंग उचललं आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "बराबर! बरा... बराबर!"

दैवशालाबाईंनी मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून ते फडकं फिरवलं. दोनदा.

मी मशीनवरून उठले ते बिजलीच्या आवाजानं. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. ती भिंतीला टेकली आणि घसरली, आणि सगळं अंग थरथरायला लागलं.

"ताई, हिला काय झालं? ताई!"

रविवार होता. जनावरांचा दवाखाना बंद. रिक्षावाल्यानं लाळ बघून रिक्षा वळवली. दैवशालाबाईंनी स्टँडवर वसंताला फोन लावला. तो प्रवासी न भरताच आला. बिजलीला उचलायला लागणार होतं. वसंतानं मागचं अंग धरलं. डोकं कोण धरणार? दैवशालाबाईंनी पदर हाताला गुंडाळला, मग तो सोडून दिला आणि दोन्ही हात तिच्या गळ्याखाली घातले. जीप गेली.

मी भुजंगरावांजवळ थांबले. ते बाजेवरून उतरायला बघत होते. मी धरेपर्यंत खाली घसरलेसुद्धा. गल्लीतल्या दोघांना हाक मारून आम्ही त्यांना वर ठेवलं. ते तांब्याकडं बोट करत होते, पुन्हा पुन्हा. "बराबर," ते म्हणत होते. "बराबर, बराबर." आवाज बसला होता. मी तांब्या उचलून लांब टाकला तेव्हा त्यांचं बोट खाली आलं.

पुढचं मला दैवशालाबाईंनी सांगितलं. डॉक्टर त्यांच्या घरीच भेटले. त्यांनी अंगणातल्या नळाखाली बिजलीला धरून कितीतरी वेळ धुतलं, सुई टोचली, सलाईन लावलं. हाताला लागलेल्या वासावरून औषध ओळखलं.

"हे म्हशीचं औषध आहे, बाई. आणि तेही इतकं दाट. कुणी सांगितलं लावायला?"

"दुकानातून मीच आनलं. पन मी मालकाला इचारून लावलं. ते समोरच व्हते. बराबर म्हनले."

वसंता सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, भुजंगदादाला दुसरं काय म्हनता येतंय?"

दैवशालाबाई तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. मला सांगताना त्या म्हणाल्या, "ताई, मला एकदम साबनाची बादली आठवली. मंग खराटा. मंग ते डोळ्यातलं पानी. मी म्हनत व्हते खूश व्हतेत."

बिजली वाचली. दोन दिवस तिथंच ठेवून वसंतानं तिला परत आणलं. घरी आल्यावर दैवशालाबाई बाजेच्या पायथ्याशी बसल्या. मी दारात होते.

"तुमी मला नको म्हनून राह्यलते का?"

"बराबर."

"का लाव म्हनत व्हते?"

"बराबर."

"अहो, एकदा नीट सांगा. चुकलं व्हतं ना माझं?"

"बरा..." भुजंगरावांनी शब्द अर्ध्यात सोडला. पुन्हा तोंड उघडलं. ओठ वेगळ्याच काही आकाराला आले, जीभ हलली, आणि बाहेर आलं ते पुन्हा तेच. त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. परत मारली. दैवशालाबाईंनी तो हात धरून ठेवला.

अर्पितानं फोनवर युक्ती सांगितली. हो असेल तर हात वर, नाही असेल तर डोळे मिटायचे. एक दिवस चहाला, पाण्याला ते जमलं. आम्हाला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी दैवशालाबाईंनी पाणी हवं का विचारलं तर त्यांनी डोळे मिटले. त्या पेला घेऊन निघाल्या तर त्यांनी पदर धरून ओढला आणि तोंड उघडून बसले. तहान लागलेली होती. हो-नाहीच आत उलटंपालटं होत होतं. त्यांनाही ते कळत होतं, आणि कळूनही हाताशी काही येत नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं होतं, सरावानं थोडं सुधारेल.

बिजलीच्या पाठीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत पट्ट्यासारखी सोलून निघाली. माश्या बसायच्या. दैवशालाबाईंनी भुजंगरावांचा जुना बनियन फाडून तिच्या पाठीवर बांधला. डॉक्टरांनी साबण बंद केला होता. जखम सुकल्यावर म्हणाले, पट्टा सोडून बाकीचं अंग रोज हलकं घासा, मेलेले केस निघाले पाहिजेत, आणि खोबऱ्याच्या तेलाचं बोट फिरवा, जास्त नाही. उन्हात सोडू नका, तिथं आता झाकण म्हणून काहीच नाही.

आता करणार कोण, हा प्रश्नच नव्हता. दैवशालाबाईंनी रबर घेतलं. बिजली बाजेला लागून उभी राहिली. बाईंनी हात पुढं केला आणि तो हवेतच राहिला. आता कुत्रीची भीती नव्हती. आपल्या हाताचीच वाटत होती. तेवढ्यात भुजंगरावांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. हात मानेवर नेला. दाबला. मग केसांच्या वळणानं खाली ओढत आणला, पट्ट्याशी आल्यावर उचलला, बाजूनं घेतला, मांडीच्या फऱ्यावर पुन्हा दाबला. जिथं कातडी दुखत होती तिथं त्यांची पकड सैल व्हायची. दैवशालाबाईंनी आपला हात सोडून दिला होता, तो नेतील तिकडं जात होता.

मग रोज असंच चालू झालं. त्यांचा हात वर, बाईंचा खाली, त्याखाली रबर. गोचीड दिसला की ते त्यांची दोन बोटं जुळवून त्याच्यावर नेऊन ठेवायचे. पहिला गोचीड बाईंनी डोळे मिटून ओढला. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या नवऱ्याकडून पहिल्यांदा काहीतरी शिकत होत्या, असं मला त्या म्हणाल्या. जीप त्यांनी कधी शिकवली नाही, आणि बाईंनी कधी मागितली नाही.

बाकीच्या अंगावर चमक परत यायला लागली. पाठीचा पट्टा मात्र गुलाबी आणि गुळगुळीतच राहिला. तिथं केस आलाच नाही. एरंडाचं तेल, करंजाचं तेल, कोरफड, जो जे सांगेल ते. काही उपयोग झाला नाही. पाऊस लागल्यावर तिथं पुरळ उठायचं, उघडीप पडली की कातडी तडकायची.

आखाडात भुजंगरावांना दुसरा झटका आला. छोटा होता, पण जो हात चालत होता त्यालाही कंप सुटला. मनगट धरता येईना. बोटं नुसती बाईंच्या हातावर येऊन पडायची आणि घसरायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज व्यायाम करून घेणारा माणूस पाहिजे, बोलण्याचाही व्यायाम पाहिजे. मंठ्यात ते नाही. जालन्यात आहे.

अर्पिता न्यायला आली. तिच्याकडं वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. घरमालकानं आधीच सांगितलं होतं, आजारी माणूस चालेल, कुत्रं चालणार नाही.

"आई, मी हाता-पाया पडले त्यांच्या," अर्पिता म्हणाली. "बिलकुल ऐकत नाहीत. वसंतकाका ठेवतो म्हणालेत ना? त्यांचं शेतात घर आहे. तिला मोकळं राहायला मिळेल."

दैवशालाबाईंनी भुजंगरावांना विचारलं. "बिजलीला वसंताभाऊकडं ठेवायचं का?"

"बराबर."

त्या दुसऱ्या दिवशी बाजेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, तोंडाची बरी बाजू दिसावी म्हणून. पुन्हा विचारलं. तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी उलटं विचारलं, "मंग न्हाई जायचं का जालन्याला? इथंच राहू?" तेही बराबर.

भिंतीपलीकडून त्या माझ्याकडं आल्या. "ताई, तुमी सांगा. त्यांना नेमकं काय म्हनायचंय?"

मी काय सांगणार? शेवटी त्याच म्हणाल्या, "मीच ठरवते. चुकलं तर माझं चुकलं."

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात वसंता जीप घेऊन आला. दैवशालाबाई बिजलीला घेऊन स्वतः त्याच्या शेतापर्यंत गेल्या. रबर नेलं, तेलाची बाटली नेली, बनियनची दोन फडकी नेली. वसंताच्या बायकोला, कौसल्याला, शेजारी बसवलं आणि तिचा हात धरून दाखवलं. इथं दाब, इथं उचल, ही पाठ उन्हाला लागू देऊ नको, कानात रोज बघ. कौसल्या मनानं चांगली. पण तिला हसू आवरेना.

"अवो मामी, बैलाचा खरारा मी पोळ्याला करते. कुत्रीचा कुनी करतं का?"

"कर गं बाई. हिला लागतोय."

"करीन, करीन. तुमी घोर करू नका."

निघताना बिजली जीपच्या मागं धावली. कारवान धावायला लागली की जीपला मागं टाकते. ती पुढं जाऊन रस्त्यात उभी राहिली. वसंतानं उतरून तिला धरून नेलं आणि गोठ्यात बांधलं. दैवशालाबाई सरळ मंठ्याला आल्या आणि भुजंगरावांना घेऊन त्याच दिवशी जालन्याला गेल्या.

व्यायामानं फरक पडला, असं म्हणायला पाहिजे. भुजंगराव धरून उभे राहायला लागले. कार्तिकात त्यांना दुसरा शब्द आला, पाणी. मग नातवाला हाक मारता यायला लागली, अर्धीमुर्धी. अर्पितानं मला फोनवर ऐकवलं. बिजलीचं नाव अजून आलेलं नाही. दैवशालाबाई ते त्यांच्यासमोर काढतच नाहीत. काढलं आणि त्यांना काही म्हणायचं असलं आणि नाही म्हणता आलं, तर काय करायचं, म्हणतात.

बंद घराची झाडलोट करायला त्या महिन्या-दीड महिन्यानं मंठ्याला येतात. मग वसंताच्या शेतात जातात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा बिजलीनं लांबूनच ओळखलं, साखळी ताणून उभी राहिली. पाठीवर बनियन नव्हता. पट्टा तडकून त्यावर खपल्या धरल्या होत्या. कान गोचिडांनी जड झालेले. कौसल्या ओशाळली. कापूस वेचणीला आलेला, मोसंबीला पाणी देणं, सासूचे पाय आखडलेले. "एक दिवस आड करते म्हनलं, मामी, पन व्हतच न्हाई."

तिला काय बोलणार? खोटं काहीच नव्हतं त्यात. दैवशालाबाई गोठ्याशी बसल्या. रबर खुंटीला लटकलेलं होतं, ते काढलं. एकेक गोचीड वेचला. सगळं अंग घासलं, तेल लावलं, पदराचा तुकडा फाडून पाठीवर बांधला. शेवटची गाडी चुकू नये म्हणून उठल्या. उद्या ते फडकं निघणार हे त्यांना माहीत होतं. पुढच्या खेपेपर्यंत कान पुन्हा भरणार, हेही. त्या दर खेपेला तेवढंच करतात. त्याहून जास्त काय करायचं, ते त्यांनी मला विचारलं, वसंताला विचारलं, अर्पितालाही विचारलं.

परवा येऊन गेल्या तेव्हा त्यांनी मला जालन्यातली एक गोष्ट सांगितली. मागच्या खेपेला त्या शेतातून सरळ घरी गेल्या. भुजंगराव खिडकीशी खुर्चीत होते. त्या जवळ बसल्या तशी त्यांची नजर साडीवर गेली. बिजलीचे केस बारीक आणि ताठ, कापडात सुईसारखे रुततात, झटकून जात नाहीत. भुजंगरावांनी कापरा हात पुढं केला. दोन बोटांत एक केस पकडायला त्यांना किती वेळ लागला. तो त्यांनी खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मग दुसरा काढायला लागले.

"तिचं अंग चांगलं हाय," दैवशालाबाई म्हणाल्या. "पाठीवर बी केस यायलेत."

त्यांनी वर बघितलं नाही, केस वेचत राहिले. आतून अर्पितानं जेवायला हाक मारली, तरी बाई उठल्या नाहीत. भुजंगरावांचा हात थकून खाली येईपर्यंत तशाच बसल्या.